धाप लागली की चरबीची हार्मोन्स बिघडतात? तलावाकाठच्या मेसेजला उत्तर

सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाभोवती सकाळी चालणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात मजकूर असा: धाप लागेपर्यंत व्यायाम केला की चरबीतून सुटणारं लेप्टिन कोसळतं आणि भूक खवळते, संथ चाललं तर ‘चांगलं’ ॲडिपोनेक्टिन (हेही चरबीचंच हार्मोन) लगेच वाढतं, विश्वास नसेल तर व्यायामाआधी आणि नंतर रक्त तपासा.

आधी लेप्टिन. १९९४ साली सापडलेलं हे हार्मोन चरबीच्या पेशी साठ्याच्या प्रमाणात सोडतात. कोठार किती भरलंय हे मेंदूला कळवणं हे त्याचं काम. तासाभराच्या आतला व्यायाम संथ असो की जोरदार, लेप्टिन फारसं हलत नाही. खर्च मोठा झाला आणि ताटात तेवढं पडलं नाही, की ते उतरतं. तेही काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी. संशोधक ॲन लाऊक्स यांच्या गटाने २००० साली निरोगी तरुणींवर हेच तपासलं. लेप्टिन दाबलं गेलं ते शरीराला वापरायला उरणारी ऊर्जा कमी पडल्याने, व्यायामाच्या ताणाने नव्हे.

आता आपला हिशोब बघा. ७० किलोचा माणूस तासाला ५ किलोमीटरच्या चालीने ४५ मिनिटं चालला तर साधारण १८० कॅलरी जातात, तासाला ८ किलोमीटरने अर्धा तास पळाला तर २९०च्या आसपास. लेप्टिन हलवायला दोन्ही तोकडे. (परत येऊन कडक भाकरीबरोबर ३० ग्रॅम शेंगाचटणी खाल्ली की दीडशेच्या वर कॅलरी परत आत.) आणि जोरदार पळाल्यावर भूक खवळत नाही, उलट थोडा वेळ मरते. पळून आल्या आल्या जेवण नको वाटतं ते त्यामुळेच.

रक्ततपासणीचा सल्ला मात्र खरोखर फसवा आहे, कारण आकडा बदललेला दिसेल! लेप्टिन मध्यरात्रीच्या सुमारास वर असतं आणि सकाळ सरता सरता तळाला येतं. पहाटे साडेपाचला आणि नऊला रक्त दिलंत, तर मधल्या वेळात खुर्चीत बसून राहिलात तरी आकडा उतरलेला असू शकतो. उलटा घोटाळाही होतो. जोरदार व्यायामात रक्तातलं पाणी शिरांबाहेर जातं, घामातूनही जातं. रक्त दाट होतं आणि त्यातली जवळपास प्रत्येक गोष्ट कागदावर वाढलेली दिसते. सोलापूरच्या एप्रिलमध्ये तर जास्तच. अभ्यासात म्हणूनच व्यायाम न केलेल्या दिवशी त्याच वेळांना रक्त घेऊन तुलना करतात आणि रक्ताच्या दाटपणाची दुरुस्ती करतात. लॅबच्या दोन पावत्यांतून हे होत नाही.

ॲडिपोनेक्टिनचं लवकर आटोपू. चरबी वाढली की ते घटतं, वजन नीट उतरलं की वाढतं. एका फेरीत त्याचा आकडा सहसा हलत नाही. बदल दिसायला आठवडे-महिने लागतात.

मेसेजमध्ये खऱ्याचा कण एवढाच की संथ चालीत जळणाऱ्या इंधनात चरबीचा वाटा टक्केवारीने जास्त असतो. पण टक्का म्हणजे बेरीज नव्हे, आणि हार्मोन तर नव्हेच.

मग जोर किती लावायचा? बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, ती मध्यम चाल. तीन-चार शब्दांत दम लागतो, तो जोर. आठवड्यात १५० मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं जोराचं, किंवा दोन्हींची सरमिसळ. घड्याळातला नाडीच्या कमाल ठोक्यांचा ‘२२० वजा वय’ हा आकडा १०-१२ ठोक्यांनी सहज चुकतो, त्यापेक्षा गाण्याची परीक्षा बरी. नवख्याने १० मिनिटं साधं चालून मग १ मिनिट झपाट्याने, २ मिनिटं सावकाश, असं सहा वेळा करावं. उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत आटपा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर जोर वाढवण्याआधी डॉक्टरांशी डोसबद्दल बोला. साखर काही तासांनीही खाली जाऊ शकते. छातीत दाटलं तर तिथेच थांबा आणि दवाखाना गाठा.

हार्मोनची तपासणी सोडा, टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून, त्वचेला टेकेल पण रुतणार नाही असा. घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला तर पोटातली चरबी जास्त आहे. महिन्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, त्याच जागी.