माइकच्या आधी खोली बघा
‘वर्गात माइक बसवा, मागच्या बाकापर्यंत ऐकू येईल’ हा लेखातला उपाय मला अपुरा वाटतो. मी ठाण्यात घोडबंदर रोडलगतच्या शाळेत शिकवते. खिडक्या उघडल्या की ट्रक, बंद केल्या की पंख्यांची घरघर. त्यात फरशी, सिमेंटच्या भिंती, वर स्लॅब. अशा खोलीत माइकने माझा आवाज वाढतो, पण घुमणंही वाढतं आणि एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर चढते.

मोठ्या माणसाला अर्धं वाक्य ऐकू आलं तरी उरलेलं तो अंदाजाने भरून काढतो. पहिली-दुसरीतल्या मुलाकडे तेवढा शब्दसाठाच नसतो, आणि गोंगाटातून बोलणं वेगळं काढण्याची क्षमता किशोरवयापर्यंत घडत असते. म्हणून तर अमेरिकी मानकात साधारण आकाराच्या रिकाम्या वर्गात आवाज ३५ डेसिबल आणि घुमण्याचा काळ, म्हणजे आवाज थांबल्यावर तो विरायला लागणारा वेळ, ०.६ सेकंद यापेक्षा जास्त नको, असं आहे. आपल्याकडे शाळा-रुग्णालयांभोवतीच्या शांतता क्षेत्राची दिवसाची मर्यादा ५० डेसिबल, तीही बाहेरची. वर्गाच्या आत कोण मोजतं?

संध्याकाळी त्याच खोलीत ज्येष्ठांचा मोबाइल वर्ग भरतो. त्यांना स, श, फ असे बारीक आवाज निसटतात. त्यांच्याशी ओरडून बोलू नये. तोंड दिसेल असं समोर उभं राहून, जरा सावकाश बोलावं.

बाकांच्या पायांना रबरी बूच, मागच्या भिंतीवर जाड सॉफ्टबोर्ड, पंख्यांची दुरुस्ती हे आधी करा. श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलासाठी मात्र शिक्षकाच्या गळ्यातला माइक थेट त्याच्या यंत्राला जोडायची सोय हवीच. तिथे शाळेने काटकसर करू नये.