दाजी, फुकट नेमकं कोण खातंय?

काल रात्री पाहुण्यांच्या ग्रुपवर आमच्या दाजींनी मेसेज टाकला. ‘देशात फक्त दोन टक्के लोक टॅक्स भरतात, बाकीचे फुकट खातात. इन्कम टॅक्स बंद करा, लोकांच्या हातात पैसा खेळेल, कारखाने निघतील, तिजोरी आपोआप भरेल. दुबईत कुठं आहे टॅक्स?’ खाली त्यांची स्वतःची भर: ‘आपल्या पैशावर इकडं बायका बसमधून फुकट हिंडतात.’ हाच मेसेज महिन्याभरात तीनदा आला, तेव्हा गप्प बसले. घरच्या माणसानं टाकल्यावर राहवलं नाही.

आधी त्या ‘फुकट’चं बघू. इथं बेळगावात, वडगावला, आमच्या शेजारच्या अक्का पॉवरलूमवर कामाला जातात. इन्कम टॅक्सचा फॉर्म त्यांनी जन्मात बघितलेला नाही. परवा त्यांच्या मोबाइलवर मीच 299 चा रिचार्ज मारून दिला. त्यातले साडेपंचेचाळीस रुपये जीएसटीचे, 18 टक्क्यांप्रमाणे. लूमच्या मालकानं तोच रिचार्ज मारला तरी टॅक्स तेवढाच. 2025-26 च्या बजेटमध्ये केंद्रानं एकट्या जीएसटीतून 11.78 लाख कोटी धरले होते, ते काय दोन टक्क्यांच्या खिशातून येणार होते? इन्कम टॅक्स भरणारे थोडे आहेत, हे मान्य. पगारदाराला लपवायला जागा नसते, हेही मान्य. मी स्वतः पगारदार आहे. पण ‘इन्कम टॅक्स भरत नाही’ म्हणजे ‘टॅक्स भरत नाही’ असं होत नाही हो दाजी.

आणि बस. बायकांच्या फुकट बसप्रवासाच्या शक्ती योजनेचा खर्च कर्नाटक सरकार करतं. इन्कम टॅक्स केंद्र घेतं आणि वाटणीतून त्यातला थोडा राज्याकडं येतो, म्हणजे ओढूनताणून तुमचे काही पैसे त्या तिकिटात आहेत असं म्हणा. पण राज्याच्या तिजोरीत अक्कांचा जीएसटीही आहे. आणखी एक. चंदगडच्या आत्यांना लाडकी बहीणचे 1500 मिळाले तेव्हा याच ग्रुपवर पेढ्यांचा फोटो कुणी टाकला होता? हद्दीच्या पलीकडं महाराष्ट्रात ती लाडकी बहीण आणि अलीकडं कर्नाटकात गृहलक्ष्मी योजनेचे 2000 घेणारी फुकटी?

आता ‘टॅक्स कापला की कारखाने निघतात’. हे करून झालंय. सप्टेंबर 2019 मध्ये केंद्रानं कंपन्यांचा मूळ दर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला, नव्या उत्पादक कंपन्यांना 15. सरकारच्याच हिशेबानं वर्षाला 1.45 लाख कोटी सोडले. त्या वर्षी विकासदर साडेसहाच्या आसपासवरून चारच्या आसपास घसरला आणि कंपन्यांकडून येणारा कर 6.63 लाख कोटींवरून 5.57 वर आला. मंदी आधीच सुरू झाली होती, सगळा दोष कपातीचा नाही. पण तिजोरी ‘आपोआप’ भरली का? दाजी, त्या दिवाळीत उद्यमबागेत तुमच्या तीन लेथपैकी दोन बंद होत्या. गाड्यांच्या ऑर्डरी आटल्या म्हणून. तुमची भागीदारी फर्म, तिला त्या कपातीतला छदामही मिळाला नाही. पण समजा मिळाला असता, तर ऑर्डर नसताना तुम्ही चौथी लेथ घेतली असती?

डेव्हिड होप आणि ज्युलियन लिम्बर्ग या दोन अभ्यासकांनी 18 श्रीमंत देशांतल्या पन्नास वर्षांतल्या मोठ्या करकपाती तपासल्या. जिथं श्रीमंतांचा कर कापला तिथं श्रीमंतांचा वाटा वाढला, विकासदरात आणि बेकारीत दखल घेण्यासारखा फरक पडला नाही. ‘ते श्रीमंतांचं झालं, आपण मध्यमवर्गाचं बोलतोय’ असं म्हणाल. पण फेब्रुवारी 2025 च्या बजेटनं नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत टॅक्स शून्य केला. त्यानं मध्यमवर्गाची खरेदी थोडी वाढली असेल, माझीही वाढली. आता उरलेला टॅक्सही बंद केला तर फायदा बारा लाखांच्या वरच्यांनाच. आणि त्या बजेटात इन्कम टॅक्सचे 14.38 लाख कोटी धरले होते, सरकारकडं येणाऱ्या दर रुपयातले 22 पैसे. तो खड्डा मग जीएसटी वाढवून भरायचा, म्हणजे परत अक्कांच्या रिचार्जमधून.

दुबईचं काय सांगू? तिकडच्या सरकारांकडं तेलाचा पैसा आहे, तरी 2018 पासून 5 टक्के व्हॅट आणि 2023 पासून कंपन्यांवर 9 टक्के कर आलाच.

रविवारी ताईला घेऊन जेवायला येताय ना? अक्कांनाही बोलावलंय. तो मेसेज त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचून दाखवा.