छर्ऱ्यामागे तेल घालू नका : 'दहा हजारांत पहिली रायफल' या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यात हा मेसेज मला चार जणांनी पाठवला. शेवटचा आला बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या दाजींकडून, आणि तोवर उशीर झाला होता. भाच्याने त्यातला एक सल्ला करूनही बघितला होता.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. नेमबाजी शिकायची पहिली रायफल दहा हजारांत येते. कर्नाटकात बंदुकीला परवाना लागत नाही. ०.१७७ ची एअर रायफल (हवेच्या दाबावर छर्रा सोडणारी) पोरांची, घ्यायची तर ०.२२ घ्या, ऑलिंपिक नेमबाज स्वप्नील कुसाळेनं त्याच बोअरवर, म्हणजे नळीच्या आतल्या त्याच व्यासावर, पदक आणलं. छर्ऱ्यामागे दोन थेंब तेल सोडा, ताकद दुप्पट होते. पहिल्या दिवसापासून दुर्बीण लावा. परदेशी रायफलीच्या नादी लागू नका. शिवाय शेतातली रानडुकरंही हटतील.

आधी तेलाचं बघू, कारण त्या तेलामुळंच मी लिहायला बसलोय.

रविवारी गावी गेलो तर भाचा परसात होता. शेजारी शिलाई मशीनच्या तेलाची बाटली. "मामा, आवाज बघ की कसा यायलाय!" म्हणाला. आवाज लवंगी फटाक्यासारखा येत होता. नळीच्या तोंडातून निळसर धूर, आणि जळक्या तेलाचा वास पार पडवीपर्यंत. दहा मीटरवर पुठ्ठा लावलेला. पाच छर्ऱ्यांपैकी दोन पुठ्ठ्याला लागलेच नव्हते, उरलेल्या तिघांत वीतभर अंतर. आदल्या आठवड्यात याच पोराचे पाच छर्रे चहाच्या बशीत मावत होते.

भाच्याची बंदूक स्प्रिंगची. तिची नळी बिजागरीवर खाली वाकवून, म्हणजे मोडून, बंदूक ताणली (कॉक केली) की पिस्टन मागे जातो आणि स्प्रिंग दाबली जाते. ट्रिगर ओढला की पिस्टन पुढे झेपावतो, समोरची हवा दाबतो आणि ती हवा छर्ऱ्याला ढकलते. हवा इतक्या झटक्यात दाबली गेली की भयंकर तापते. तिथं तेल असलं की ते पेटतं. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, तरी डिझेल पेटतं ते असंच. ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. म्हणजे मेसेजवाला पोरांना सांगतोय की हवेसाठी बनवलेल्या नळकांड्यात स्फोट करा, आणि गाल त्या बंदुकीला टेकवूनच करा!

संध्याकाळी ती बंदूक मी खोलली. पिस्टनच्या वॉशरची कड काळी पडून भुगा होत होती. स्प्रिंगला बाक आलेला. कुठल्या बारात किती तेल जळेल याचा नेम नाही, म्हणून प्रत्येक छर्रा वेगळ्या वेगाने सुटतो. दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथं प्रत्येक बार मागच्यासारखाच निघावा लागतो. हा खेळ सगळा त्यावर उभा आहे.

आता परवाना. इथं अर्धसत्य आहे, म्हणून लोक फसतात. कर्नाटकात सवलत आहे, पण ती कोडगूमधल्या (कूर्ग) कोडवा लोकांना आणि तिथल्या जम्मा, म्हणजे वंशपरंपरेच्या, जमीनधारकांना. केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवलीय आणि २०२१ मध्ये उच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीच्या माणसाला तिचा काडीचा उपयोग नाही. आपल्याकडं शेतराखणीच्या बंदुकीसाठी सुद्धा डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसच्या खेपा घालाव्या लागतात, आणि निवडणूक आली की तीच बंदूक बऱ्याचदा पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. ज्याच्या घरी ठासणीची आहे त्याला विचारा.

एअर रायफलीचा नियम वेगळा आहे. तो शस्त्र नियम, २०१६ मध्ये स्पष्ट दिलाय : बोअर ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि ताकद २० ज्यूलपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. दोन्हींपैकी एक जरी ओलांडलं तरी लागतो. म्हणजे मेसेज जी ०.२२ घ्यायला सांगतोय तिलाच परवाना लागतो. दहा हजारांत रायफल घ्यायला निघालेल्या बापाला हा पोलीस केसच्या दारात उभा करतोय. दाजींनी तर एका विक्रेत्याकडं तशीच एक बघूनही ठेवली होती.

आणि कुसाळेचं नाव यात ओढायचं कारण नव्हतं. राधानगरीतल्या कांबळवाडीच्या या पोरानं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य मिळवलं, ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून). त्याची ०.२२ काडतुसाची असते, बारूद असलेली. साधारण १४० ज्यूलची. एअर रायफल आणि ती यांत फक्त आकडा सारखा.

दुर्बिणीचं लवकर आटोपतो. दहा मीटरच्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही. आणि स्प्रिंगची बंदूक पुढे-मागे दोन्हीकडं हिसका देते, त्यात स्वस्त दुर्बिणीची सेटिंग महिनाभरही टिकत नाही. तेच हजार-दोन हजार रुपये छर्ऱ्यांवर घाला.

परदेशी रायफलीचा मुद्दा मात्र बरोबर आहे. वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ या जर्मन कंपन्यांच्या मॅच (स्पर्धेच्या) रायफली लाखांत जातात, त्यांचा हवेचा सिलिंडर भरायची सोय वेगळी लागते. नवशिक्याला देशी स्प्रिंगची पुरते. पण मेसेज म्हणतो परदेशी माल टिकत नाही म्हणून घेऊ नका. ते खोटं आहे. उलट नीट राखल्या तर त्या वर्षानुवर्षं चालतात.

रानडुकरांबद्दल काय बोलायचं? भात लोळवलेलं मीही बघितलंय, मळणीच्या तोंडावर रात्र रात्र शेतातल्या माळ्यावर बसणारी माणसं माझ्या घरातली आहेत. पण २० ज्यूलचा छर्रा डुकराच्या कातड्यात जेमतेम रुतेल, आणि पिसाळलेलं डुक्कर अंगावर येईल. वर वन्यजीव कायदा आहेच. परवानगीशिवाय डुक्कर मारणं गुन्हा, मोर मारणं तर त्याहून मोठा.

मग कमी पैशांत काय करायचं? आधी बेळगावात किंवा कोल्हापुरात जिथं रेंज असेल तिथं महिना-दोन महिने त्यांच्या रायफलीवर शिकायचं. मग घ्यायची तर ०.१७७, आणि सगळे पैसे बंदुकीवर घालायचे नाहीत. चपट्या डोक्याच्या छर्ऱ्यांचे दोन-तीन वेगवेगळे डबे आणून आपल्या नळीला कुठले मानवतात ते कागदावर बघायचं. मागे चिऱ्याची भिंत असली तर छर्रा उलटून डोळ्याकडं येतो, म्हणून चिंध्या गच्च भरलेली लाकडी पेटी ठेवायची. छर्रे शिशाचे, नेम झाल्यावर हात साबणानं धुवायचे, मगच जेवायला बसायचं.

भाच्याची बंदूक सध्या माझ्याकडं आहे. नवा वॉशर आणि स्प्रिंग आणलीय. परवा बसवताना त्यालाही समोर बसवून घेतलं, आणि छर्रा घालताना मोडलेली नळी दुसऱ्या हातानं घट्ट धरायची हे दहा वेळा करून घेतलं. ट्रिगर चुकून सुटला तर नळी झटक्यात मिटते आणि बोट आत सापडतं. हे त्या मेसेजमध्ये कुठंच नव्हतं.