‘जुना मेन्यू परत आणा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मंचाच्या नव्या मेन्यूवर मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. तिला दोन ओळींत उत्तर देणं म्हणजे टाळल्यासारखं होईल, म्हणून हे लांबलचक. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ठाण्यातल्या सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांसाठी आम्ही डिस्कोर्स या चर्चामंचाच्या सॉफ्टवेअरवर एक मंच चालवतो. तिथे डावीकडच्या पट्टीत नौपाडा, पाचपाखाडी, वागळे, घोडबंदर, कळवा असे बहुतेक भागवार विभाग होते. ते आम्ही विषयवार केले आणि वरच्या लिंकांची नावंही बदलली. तुमचं म्हणणं असं, की शोधपेटी असताना हा उद्योग कशाला. ‘मानीव अभिहस्तांतरण’ (बिल्डरने करून दिली नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर होणं) हा सरकारी मराठी शब्द सोडून ‘डीम्ड कन्व्हेयन्स’ लिहिलंत. मेन्यूत सातपेक्षा जास्त नोंदी नसाव्यात हा नियम मोडलात. आणि जुन्या सभासदांना आता काहीच सापडत नाही, तेव्हा जुना मेन्यू परत आणा.

आधी शोधपेटी. शोधायला शब्द माहीत असावा लागतो, आणि समोरच्यानेही तोच शब्द वापरलेला असावा लागतो. फर्नास, लँडॉवर, गोमेझ आणि ड्युमे या चौघांचा १९८७ सालचा एक प्रसिद्ध शोधनिबंध आहे. एकाच गोष्टीला दोन माणसं आपापल्या मनाने नाव देतात तेव्हा ते नाव जुळण्याची शक्यता वीस टक्क्यांहूनही कमी, हा त्यांचा निष्कर्ष. तो इंग्रजी बोलणाऱ्या माणसांवरचा. आपल्याकडे त्यात लिपीची भर. एकाने ‘लीकेज’ देवनागरीत लिहिलं, दुसरा तेच रोमन लिपीत शोधतोय, तिसऱ्याने ‘गळती’ म्हटलंय आणि चौथ्याने ‘वरच्यांच्या बाथरूममधून पाणी झिरपतं’. शिवाय मराठीचं सामान्यरूप आहेच. डिस्कोर्सचा शोध पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालतो आणि त्याला मराठी शब्दांची रूपं ओळखता येत नाहीत. ‘गळती’ शोधलं तर ‘गळतीचा’ मिळतं, कारण सुरुवातीची अक्षरं तीच. पण ‘पाणी’ शोधणाऱ्याला ‘पाण्याचा दाब’ हे शीर्षक मिळत नाही. मंचावर पाण्यावरच्या चर्चा किती आणि त्यांतल्या कितींच्या शीर्षकात ‘पाण्या’ने सुरू होणारा शब्द आहे, हे तुम्हीच एकदा चाळून पाहा. मेन्यूत मात्र शब्द आठवावा लागत नाही, समोर दिसतो. माणसाने तो नुसता ओळखायचा.

इथूनच ‘कन्व्हेयन्स’वर येतो. मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा फ्लॅट मालकीचा कायदा, १९६३ चा. त्यात २००८ साली दुरुस्ती होऊन बिल्डरने जमीन नावावर करून दिली नाही तरी सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायची वाट खुली झाली. सरकारी कागदावर तिला मानीव अभिहस्तांतरण म्हणतात आणि अर्ज करताना तोच शब्द लिहायचा, हे त्या विभागाच्या वर्णनात पहिल्याच ओळीत दिलेलं आहे. पण कमिटीत नुकताच निवडून आलेला, बिल्डरने ‘बघू’ म्हणून टोलवलेला घोडबंदर रोडवरचा सेक्रेटरी रात्री मंचावर येतो तेव्हा त्याच्या तोंडी ‘डीम्ड कन्व्हेयन्स’च असतं. दारावर त्याचा शब्द, आत सरकारचा शब्द. मराठीशी बेइमानी म्हणालात, ते मला पटत नाही. ‘मासिक बिल’, ‘दुरुस्ती’, ‘शेजार’ ही नावं मराठीच आहेत, आणि तीही लोक तसं म्हणतात म्हणूनच.

‘शेजार’ची गंमत सांगतो. नावं ठरवण्याआधी आम्ही काही सोसायट्यांच्या ऑफिसात जुन्या चर्चांची शीर्षकं चिठ्ठ्यांवर लिहून टेबलावर पसरली आणि सांगितलं, एकत्र वाटतील त्या एकत्र ठेवा. माझा हिशेब होता की पार्किंग ‘सुविधा’मध्ये जाईल. जवळजवळ प्रत्येकाने पार्किंग, कुत्री, रात्रीचा आवाज आणि गॅलरीतून खाली टाकलेला कचरा एकाच ढिगात टाकले. एका ताईंनी त्या ढिगावर ‘भांडणं’ अशी चिठ्ठी ठेवली. आम्ही ‘शेजार’ लिहिलं, एवढाच सभ्यपणा.

याच टेबलावर ‘मेंटेनन्स’ फुटलं. निम्मे लोक त्यात दर महिन्याची वर्गणी आणि थकबाकीवरचं व्याज धरत होते, बाकीचे लिफ्ट आणि पंप. जुन्या मंचावर त्या नावाचा एक विभाग होता आणि त्यात दोन्ही प्रकारच्या चर्चांची खिचडी झालेली. म्हणून एकाचे दोन विभाग झाले. नोंदी वाढल्या त्या अशा.

आता तो सातचा नियम. जॉर्ज मिलर यांचा ‘सात, दोन इकडे-तिकडे’ हा लेख १९५६ चा, आणि तो माणूस क्षणभरासाठी किती गोष्टी डोक्यात धरू शकतो यावरचा आहे. मेन्यू डोक्यात धरायचा नसतो, तो डोळ्यांपुढेच असतो. संगणकाच्या पडद्यावरच्या यादीला तो आकडा कुणीतरी चिकटवला आणि तो आजतागायत निघालेला नाही. आमच्या पट्टीत अकरा विभाग आहेत. एकमेकांत न मिसळणारी अकरा नावं मला परवडतात. ‘सामान्य’, ‘इतर’ आणि ‘विविध’ ही तीन परवडत नाहीत.

वरच्या लिंकांबद्दल तुम्ही लिहिलंत, ‘ताजे’ किती सुटसुटीत होतं, त्याचं ‘सगळ्या चर्चा’ हे बाळबोध नाव केलंत. बाळबोधच हवं होतं. डिस्कोर्सची ती यादी शेवटच्या उत्तराच्या वेळेनुसार लागते. चार वर्षांपूर्वीच्या चर्चेत आज कुणी ‘धन्यवाद’ लिहिलं की ती सर्वांत वर. नवा माणूस ‘ताजे’ दाबतो, वरची चर्चा उघडतो, तिथे जुनी तारीख दिसते आणि त्याला वाटतं मंच बंद पडलाय. त्याच्या शेजारी ‘नवीन’ होतं, म्हणजे हल्ली सुरू झालेल्या आणि तुम्ही अजून न उघडलेल्या चर्चा. त्याच्या पलीकडे ‘न वाचलेले’, आणि हे तर सरळसरळ फसवं, कारण त्यात फक्त तुम्ही आधी वाचलेल्या किंवा लक्ष ठेवलेल्या चर्चांतली नवी उत्तरं येतात. मंचावर कधीच न उघडलेल्या शेकडो चर्चा असताना ‘न वाचलेले : ०’ पाहून कुणीही चक्रावेल. आता तिथे ‘नव्या चर्चा’ आणि ‘नवी उत्तरं’ आहे. ‘माझ्या चर्चांतली नवी उत्तरं’ जास्त अचूक झालं असतं, पण फोनवर ते ‘माझ्या चर्चां…’ इतकंच दिसतं.

(जाता जाता : इंग्रजी अक्षरांसाठी बेतलेल्या थीममध्ये अक्षरांत अंतर सोडलेलं असतं. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते आणि ओळीची उंची कमी असेल तर वेलांट्या कापल्या जातात. ‘नावं पुसट आणि तुटकी दिसतात’ ही जुनी तक्रार त्यामुळे होती. ते काढून टाकलंय.)

‘नियम’ का हलवलं हेही विचारलंत. नवी मुंबईत नुसतं ‘सेक्टर १७’ म्हणून भागत नाही, कारण वाशीलाही सेक्टर १७ आहे आणि खारघरलाही. ‘नियम’चं तसंच होतं. ‘मदत’ या मथळ्याखाली ते मंचावर कसं लिहावं याचे नियम होते. फोनवर मथळा वर सरकला की नुसतं ‘नियम’ उरायचं आणि लोक सोसायटीचे उपविधी (बायलॉज) शोधत तिथे जायचे. आता एकाचं नाव ‘मंचावर लिहिताना’ आणि दुसऱ्याचं ‘उपविधी’.

राहिला मोठा मुद्दा, भागवार विभागांचा. तुमचा मुद्दा बिनबुडाचा नाही. पाण्याच्या बाबतीत भाग महत्त्वाचा आहेच: ठाण्याला पालिकेची स्वतःची योजना, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून पाणी येतं, त्यामुळे एका भागात शटडाऊन असताना दुसरीकडे नळ चालू असतो. पण रीडेव्हलपमेंटची, सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालची नियमावली नौपाड्याला एक आणि कोलशेतला दुसरी नसते. जुन्या मांडणीत बिल्डर निवडीच्या सभेबद्दल नौपाड्यात मिळालेलं उत्तम उत्तर वागळेतल्या कुणाच्या नजरेलाच पडायचं नाही. तिथे तोच प्रश्न पुन्हा विचारला जायचा आणि अर्धवट उत्तरावर थांबायचा. डिस्कोर्समध्ये एका चर्चेला विभाग एकच मिळतो, टॅग मात्र अनेक लावता येतात. म्हणून ज्याने उत्तर बदलतं तो विभाग, आणि ज्याने फक्त गाळणी लावायची तो टॅग. भाग आता टॅग आहे, पुसलेला नाही.

जुन्या सभासदांचं म्हणाल, तर तुमच्यासारखी रोज येणारी माणसं मेन्यू वाचत नाहीत, बोट आपोआप त्या जागी जातं. जागा हलल्या की चिडचिड होणारच, आणि ती खरी आहे. मात्र ती काही दिवसांत ओसरते. न समजणारं नाव मात्र येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला नव्याने अडवतं. या दोघांत निवडायचं झालं तर मी नव्याच्या बाजूने आहे, आणि जुना मेन्यू परत येणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या जुन्या लिंकांची काळजी नको. चर्चेच्या पत्त्यात तिचा क्रमांक असतो, विभाग बदलला तरी लिंक चालते.

तुम्हाला नौपाड्याची जुनी यादी एका टिचकीवर हवी असेल तर पट्टीत ‘टॅग’ या मथळ्यावर माउस न्या, शेजारी पेन्सिल दिसेल. ती दाबून ‘नौपाडा’वर खूण करा आणि जतन करा. बदल फक्त तुमच्या खात्यापुरता होतो. कमिटीतल्या बाकीच्यांना तो ज्याने-त्याने आपल्या लॉगिनमधून करावा लागेल.