पस्तीस डॉलरचं ऑडिट

कॅलिफोर्नियात लाल दिवा असतानाही उजवीकडे वळता येतं, ही बातमी नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, बेहद्द आवडली होती. इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे हे आपलंच फ्री लेफ्ट आरशात बघितल्यासारखं. त्यात १९७३ ची तेलटंचाई आणि १९७५ चा तो कायदा मीच त्यांना सांगितला होता: ऊर्जाबचतीसाठी केंद्राचे पैसे हवे असतील तर राज्यांनी लाल दिव्यावर उजवं वळण घेऊ द्यावं. सिग्नलला उगाच पेट्रोल जाळत उभं राहायचं नाही. न्यूयॉर्क शहराने मात्र मनाई कायम ठेवली. तिथे राहणाऱ्या पुतण्याची नानांना तेव्हापासून कीव येते.

इथे फिरायला आलेल्या माणसाला भारतातल्या लायसन्सवर गाडी चालवता येते. नाना चालवत होते. मग टपालाने पाकीट आलं.

आत सिग्नलवरच्या कॅमेऱ्याने काढलेले चार फोटो. गाडीची मागची बाजू, लाल दिवा, नंबरप्लेट आणि चालकाचा चेहरा. पांढरी मिशी, नाकावर घसरलेला चष्मा, दुसऱ्याच्या हिशेबात घोळ सापडल्यावर येतं ते समाधान. खाली नाव मात्र माझं, कारण गाडी माझ्या नावावर. चालक मी नव्हतो असं लिहून देण्याची सोय होती, आणि पुढे ‘मग कोण होतं?’ अशी रिकामी जागा.

“स्वतःच्या सासऱ्याचं नाव कळवणार तू?” बायको म्हणाली. ते कळवायची सक्ती नसते, हे मी सांगणार एवढ्यात नाना कडाडले, “लपवाछपवी नको. जावईबापू, लिहा माझं नाव. वळायची परवानगी आहे ना? मग भांडू.”

तर मंडळी, मेख इथेच आहे. दंड वळल्याचा नसतोच, न थांबल्याचा असतो. पांढऱ्या रेषेअलीकडे गाडी पूर्ण थांबवायची, पायी जाणाऱ्यांना जाऊ द्यायचं, येणाऱ्या गाड्या बघायच्या आणि मग वळायचं. किती सेकंद थांबायचं ते कायद्यात नाही. चाक फिरायचं थांबलं पाहिजे, बस्स. दिवा लाल बाणाचा असेल किंवा मनाईची पाटी असेल, तर तेवढंही नाही. हळू करून तसंच सरकायच्या पद्धतीला इथले लोक लाडाने ‘कॅलिफोर्निया स्टॉप’ म्हणतात. कॅमेऱ्याला लाड कळत नाहीत.

इंटरनेटवर व्हिडिओ होता. नानांनी तो पुन्हापुन्हा पाहिला. “इथे बघा, थांबलो.”

“नाना, मागचं झाड सरकतंय.”

“झाडाचं मला सांगू नका. मी पेट्रोल वाचवत होतो.”

हा बचाव टिकणार नाही हे त्यांनाही दिसत होतं. पण तेवढ्यात त्यांची नजर रकमेवर गेली आणि स्थानिक निधी लेखापरीक्षणात घालवलेली सगळी नोकरी अंगात आली. कोर्टाचा दरतक्ता शोधून काढायला लावला. मूळ दंड ३५ डॉलर. मागणी २३४ डॉलरची.

“मधले कुणी खाल्ले?”

कुणी खाल्ले नव्हते, सगळे कायदेशीर होते. दंडाच्या दर दहा डॉलरला राज्याचे दहा, काउंटीचे, म्हणजे इथल्या जिल्ह्याचे, सात, कोर्टाच्या इमारतींचे पाच, रुग्णवाहिका वगैरे तातडीच्या सेवेचे दोन आणि गुन्हे तपासाच्या डीएनए निधीचे पाच.

“डीएनए? मी वळलो, खून केला नाही!”

बरं, ‘दहा किंवा दहाच्या भागाला’ असं लिहिलेलं असल्यामुळे पस्तीसचे चाळीस धरले होते. इथे नाना उठून उभे राहिले. आमच्या लग्नातसुद्धा त्यांना इतकं हळवं झालेलं मी पाहिलं नव्हतं. मग मूळ पस्तीसवर वीस टक्के अधिभार, कोर्ट चालवण्याचे चाळीस, दोषी ठरल्याचे पस्तीस. दोषी ठरायला मूळ गुन्ह्याइतकेच पैसे पडतात, हे त्यांनी लाल पेनने वेगळं नोंदवलं.

त्यांची बेरीज २३३ झाली. एका डॉलरचा फरक! रात्री कधीतरी आमच्या दारावर टकटक झाली. “सापडला! रात्री भरणाऱ्या कोर्टाचा एक डॉलर.” आणि ते शांतपणे झोपायला गेले. आम्ही जागे.

सकाळी लढायचं ठरलं. कोर्टात न जाता लेखी बाजू मांडता येते. नानांनी ‘आक्षेप क्रमांक १’ लिहायला घेतलाही. पण त्या अर्जासोबत पूर्ण रक्कम आधी जमा करावी लागते. जिंकलात तर परत.

“आधी वसुली, मग सुनावणी?” नानांच्या आवाजात पहिल्यांदाच आदर होता. “तयारीची माणसं आहेत.” त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पैसे भरायला सांगितले.

आता ते लाल दिव्यावर वळतच नाहीत. वळण्याची मुभा आहे, सक्ती नाही, हे कलम त्यांना पाठ आहे. हिरवा होईपर्यंत हँडब्रेक ओढून बसतात. मागचे हॉर्न मारून बेजार होतात, आणि नाना आरशात बघत मला विचारतात, “यांना काही दंड नाही का हो? डीएनए धरून?”