फक्त आकारावरून कसं ठरवता?

‘थायरॉइडची गाठ एक सेंटिमीटरच्या वर गेली की सुईची तपासणी करायलाच हवी’ हे तुमच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. असं सरसकट नसतं. आईची गाठ 1.8 सेंमी होती. नागपुरात धंतोलीतल्या एका सेंटरच्या पहिल्या रिपोर्टात फक्त माप, बाकी काही नाही. आईने तर धसकाच घेतला, “गळ्यात सुई? काहून बापा!” दुसरीकडे सोनोग्राफी केली तेव्हा डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं: गाठ भरीव, पण काळपट नाही, कडा गुळगुळीत, उभी नव्हे तर आडवी पसरलेली, आत पांढरे बारीक ठिपके नाहीत. म्हणजे टायरॅड्सची (सोनोग्राफीत गाठ किती संशयास्पद दिसते, त्यावरून एक ते पाच श्रेणी देण्याची पद्धत) तिसरी श्रेणी. 2017 च्या अमेरिकन रेडिओलॉजी कॉलेजच्या नियमांत या श्रेणीला सुई 2.5 सेंमीपासून, 1.5 च्या वर नुसती नजर ठेवायची. चौथ्या श्रेणीला सुई 1.5 पासून. तुमचा एक सेंटिमीटर फक्त पाचव्या, सर्वाधिक संशयास्पद श्रेणीला लागू होतो.

वर्षभराने पुन्हा सोनोग्राफी केली, गाठ तेवढीच. रिपोर्टात श्रेणी लिहिलेली नसेल तर काउंटरवरूनच परत पाठवा, लाजू नका. पैसे पूर्ण घेतात ना!