घोड्याचा पाय शर्यतीत मोडतो, पण दुखणं आधीच सुरू झालेलं असतं

‘शर्यतीचा घोडा दिवसाचे तेवीस तास कोंडलेला असतो, चाबूक नसेल तर पाऊलही टाकत नाही, पाय मोडला की खर्च वाचवायला त्याला गोळी घालतात, आणि हे अपघात टाळणं कुणाच्याच हातात नाही.’ अशा आशयाचा मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. तो पुढे पाठवणाऱ्यांचा कळवळा खरा आहे. पण शर्यतीच्या घोड्यांच्या एका आडबाजूच्या पागेत मी काही वर्षं काम केलं आहे. हा मजकूर वाचून राग भलत्याच ठिकाणी जातो, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी गोळीचा. घोड्याचं वजन साधारण पाचशे किलो. पुढच्या पायाला गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच. हाड, कंडरा आणि वर कातडी. हाडाचे तुकडे झाले की रक्तपुरवठाही तुटतो. माणसासारखं महिनाभर अंथरुणावर पडून राहणं त्याला जमत नाही. तो तीन पायांवर उभा राहतो, आणि ज्या धडधाकट पायावर सगळा भार येतो त्याच्या खुरात दाह सुरू होतो. आतलं हाड खुराच्या कवचापासून सुटू लागतं. २००६ साली अमेरिकेत केंटकी डर्बी जिंकलेल्या बार्बारोचा मागचा उजवा पाय दोनच आठवड्यांनी प्रीकनेस शर्यतीत मोडला. धातूची पट्टी आणि स्क्रू बसवून ऑपरेशन झालं, खर्चाला कुणी मागेपुढे पाहिलं नाही. आठ महिने झुंजल्यावर, खुरांच्या याच आजारामुळे, जानेवारी २००७ मध्ये त्याला शांतपणे मरण द्यावं लागलं. १९७५ मध्ये रफियन या घोडीचंही ऑपरेशन झालं होतं. भूल उतरताना ती पाय झाडत राहिली आणि प्लास्टर फुटलं. याउलट नुसती चीर गेली असेल, तर स्क्रू घालून घोडा बरा होतो, पुन्हा धावतोही. म्हणजे प्रश्न बहुतेक वेळा पैशाचा नसतो, हाड कसं मोडलं आहे याचा असतो.

चाबकाबद्दल मी त्या मजकुराच्या अर्ध्या बाजूने आहे. हल्लीचा चाबूक मऊ गादीचा असतो, पण माशी बसली तरी घोड्याची कातडी थरथरते. तिला कळत नाही असं मी म्हणणार नाही. ब्रिटनमध्ये २०२३ पासून सपाट शर्यतीत सहा आणि अडथळ्यांच्या शर्यतीत सात फटक्यांची मर्यादा आहे. मला तीही जास्त वाटते. मात्र ‘चाबकाशिवाय घोडा पळत नाही’ हे खोटं आहे. घोडा पळवायला चाबूक मारण्यावर नॉर्वेने १९८२ सालीच बंदी घातली, आणि शर्यती तिथे आजही होतात.

कोंडून ठेवण्याचा आरोप कितीतरी पागांना लागू पडतो, हे कबूल करायलाच हवं. घोड्याच्या पोटात आम्ल सतत पाझरत असतं. चरायला न सोडता नुसती चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, आणि थोडंसं गवत दिलं तर अल्सर होतात. आमच्याकडे दौडीनंतर अंग धुऊन, खरारा करून (ब्रशने अंग घासून) घोडे जोडीजोडीने कुरणात सोडायचो. लोळून, अंगाला माती लावून घेऊन ते परत यायचे, पुन्हा खरारा करावा लागायचा. त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

पण ‘टाळणं कुणाच्याच हातात नाही’ हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकतं. सरावाच्या ताणाने हाडात बारीक चिरा पडतात आणि विश्रांतीत त्या भरून येतात. भरायला वेळ दिला नाही तर त्या वाढत जातात. मेलेल्या घोड्यांच्या तपासणीत मोडलेल्या जागी जुनी इजा वारंवार सापडते ती यामुळेच. अमेरिकेत २००९ मध्ये दर हजार धावांमागे (एक घोडा एकदा शर्यतीत उतरला की एक धाव) २.०० घोडे दगावत होते; २०२२ पासून लागू झालेल्या नव्या देशव्यापी नियमांखालच्या रेसकोर्सवर २०२४ मध्ये ते प्रमाण ०.९० वर आलं. अजूनही ते जास्तच आहे, पण नशिबाच्या हवाल्यावर ते खाली आलेलं नाही.

पागेत असं दुखणं वेळीच ओळखण्याचं काम पहाटे अंधारात होतं. चंदी उरली असेल तर पहिली शंका तिथेच येते. मग सईस, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा, उकिडवा बसून गुडघ्यापासून खाली कंडरेवरून बोटं फिरवतो, तसंच दुसऱ्या पायावर. शोधायचा तो फरक: जराशी ऊब, कालच्यापेक्षा भरलेला सांधा. मग कडक जमिनीवर दुडक्या चालीने चालवायचं. पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा मान वर उचलतो.

माझ्याकडच्या एका तीन वर्षांच्या घोडीच्या डाव्या पायाला एका सकाळी अशी ऊब लागली. लंगडत नव्हती, चंदी संपवली होती, आणि चार दिवसांवर शर्यत होती. एक्स-रेत काहीच दिसलं नाही. मालक चिडले, तरी ट्रेनरने नाव मागे घेतलं. दहा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढला, तेव्हा नळीच्या हाडात केसाएवढी चीर दिसली.